शी-शूचा इतिहास: बोर्डीच्या अंगणापासून बीडच्या कोपीपर्यंत

अभिलेखागारात 'शी-शू' नावाची फाइल नसते. बालशिक्षणाची असते, पोषणाची असते, लसीकरणाची तर कपाटभर असते. पण मूल पहिल्यांदा स्वतःहून "आई, शी आली" म्हणालं ते कधी, त्याला ते कुणी शिकवलं, किती महिने लागले, तोवर ओल्या चड्ड्या कुणी धुतल्या, याची नोंद कुठल्याच खात्याने ठेवलेली नाही. आणि तरी प्रत्येक माणूस हा धडा शिकूनच मोठा होतो. तुम्हीही शिकलात, मीही. कुणी शिकवला ते आपल्याला आठवत नाही, एवढंच.

माझं पीएचडीचं काम मराठवाड्यातल्या अंगणवाडीच्या इतिहासावर आहे. विषय सांगितला की लोक 'छान' म्हणतात. त्यातही मुलांच्या शी-शूवर लिहिते आहे म्हटलं की हसतात आणि विचारतात, "यात इतिहास काय आहे?" आजचा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. थोडक्यात आधीच सांगून टाकते. मूल शी-शू कधी आणि कशी शिकतं हे निम्मं त्याच्या शरीरावर अवलंबून असतं, आणि निम्मं दिवसभर त्याच्याजवळ कोण आहे यावर. हे दुसरं निम्मं शतकभरात बदलत गेलं. कधी आजी होती, कधी बालवाडी आली, कधी पाळणाघर आलं. आणि बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या घरात हे दुसरं निम्मं दरवर्षी सहा महिन्यांसाठी नाहीसं होतं.

आधी वयाचा प्रश्न

आपल्याकडची जुनी पद्धत तुम्ही पाहिली असेल. आजी पाय पसरून बसते, बाळाला दोन पावलांवर उकिडवं टेकवते आणि तोंडाने "शूऽऽ शूऽऽ" करते. बाळ चार-सहा महिन्यांचंही असतं. दूध पिऊन झालं, झोपेतून उठलं की बसवायचं. हळूहळू त्या आवाजाची आणि त्या बसण्याची सांगड पडते. दुपटी कमी भिजतात.

पाश्चात्त्य डॉक्टरांना हे बराच काळ खरं वाटत नव्हतं. १९७७ मध्ये डीव्ह्रीस दांपत्याने पूर्व आफ्रिकेतल्या डिगो समाजावर एक शोधनिबंध लिहिला. तिथल्या आया पहिल्या काही आठवड्यांपासूनच बाळाला असं बसवत आणि पाच-सहा महिन्यांत बाळं दिवसा कोरडी राहू लागत. निबंध पाश्चात्त्य बालरोगतज्ज्ञांसाठी लिहिलेला होता, म्हणून ती बातमी ठरली. आपल्या आज्यांना त्यात नवल वाटलं नसतं.

गंमत म्हणजे खुद्द अमेरिकेतही मत सारखं बदलत आलंय. तिथल्या सरकारी 'चिल्ड्रन्स ब्युरो'च्या बालसंगोपनाच्या पुस्तिका १९२०-३० च्या दशकांत काही महिन्यांच्या बाळालाही घड्याळ लावून भांड्यावर बसवायला सांगत होत्या. मग १९६२ मध्ये डॉ. टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १,१७० मुलांच्या नोंदींवरून उलटं मांडलं: घाई करू नका, मूल तयार होईपर्यंत थांबा. त्यांच्या नोंदींतली मुलं दिवसा पूर्ण कोरडी राहायला लागली ती सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांची असताना. त्याच सुमारास, १९६१ मध्ये, पॅम्पर्सचे फेकून द्यायचे डायपर बाजारात आले. थांबायचं तर थांबण्याची सोयही हवी, ती डायपरने केली.

मग बरोबर कोण, आजी की डॉक्टर? खरं तर दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. आजी बाळाची खूण ओळखून त्याला वेळेवर बसवते, म्हणजे शिकलेली असते ती आजी. डॉक्टर म्हणतात ते मूल स्वतः ओळखतं, थांबवून धरतं, सांगतं आणि चड्डी काढून बसतं. त्यासाठी चालता यायला हवं, दोनेक तास कोरडं राहता यायला हवं, साधी सूचना कळायला हवी, एखादा शब्द हवा. हे बहुतेक मुलांत दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान जमून येतं. रात्रीचं कोरडं राहणं त्याहून उशिरा येतं, त्याचा बाऊ करू नये.

दोन्ही पद्धतींत एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली आहे. दिवसभर मुलाकडे लक्ष असलेलं एक माणूस. ते माणूस कोण, इथे इतिहास सुरू होतो.

रोमची अट आणि बोर्डीचं अंगण

६ जानेवारी १९०७ रोजी मारिया माँटेसरी यांचं पहिलं 'बालगृह' रोमच्या सॅन लोरेन्झो या कष्टकरी वस्तीत उघडलं. त्याच्या नियमावलीत एक अट होती: आईबापांनी मुलांना स्वच्छ अंगाने आणि स्वच्छ कपड्यांत पाठवावं, मळकट अवस्थेत येणाऱ्या मुलाला काढून टाकलं जाईल. पुढे बालगृहात मुलांना हात धुणं, केस विंचरणं, बटणं लावणं हे सगळं प्रेमाने शिकवलं जाई. पण दारातून आत येण्याआधीची स्वच्छता आईच्या माथी होती.

आता आपल्याकडे या. ताराबाई मोडक १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करू लागल्या, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, पुढे दादरला शिशुविहार निघालं. हे सगळं माँटेसरींच्या विचारांवर उभं होतं, पण शहरातल्या मध्यमवर्गीय मुलांसाठी. १९४५ मध्ये ताराबाई खेड्यात, म्हणजे समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या. बरोबर अनुताई वाघ होत्या. तिथे त्यांनी बालवाडी काढली. लवकरच लक्षात आलं की दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत. घरात धाकट्या भावंडांना सांभाळायचं असतं, अंगावर धड कपडे नसतात, आणि गावाचा दुरावा असतोच.

इथे ताराबाईंनी रोमची अट उलटी केली. मूल स्वच्छ होऊन शाळेत येत नसेल तर शाळाच मुलाच्या अंगणात जाईल, आणि स्वच्छता हाच तिथला पहिला तास असेल. मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि खेळ. अंगणात भरते म्हणून 'अंगणवाडी'. आज देशभर सरकारी कागदांवर असलेला हा शब्द तिथे जन्मला.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं. तिथे आणखी एक अडचण आली. मोठी बहीण शाळेत येत नव्हती, कारण तिच्या कडेवर धाकटं होतं. म्हणून 'विकासवाडी' निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, तिन्ही एकाच जागी. बहीण वर्गात बसेल तेव्हा धाकटं शेजारच्या पाळणाघरात. ही रचना लक्षात ठेवा, बीडमध्ये तिची आठवण येणार आहे.

बोर्डी-कोसबाडचं मोठेपण मला यात दिसतं. मुलाचं अंग धुणं, त्याला बाहेरची सवय लावणं हे तिथे शिक्षणाच्या आधीचं 'घाणेरडं काम' नव्हतं. तेही शिक्षणच होतं आणि ते शिकवणारी बाई शिक्षिका होती.

गिरणीचं पाळणाघर

पाळणाघराची दुसरी वाट कारखान्यातून आली. मुंबईच्या कापडगिरण्यांत जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची 'बाळगोळी' देऊन झोपवत. १९२० च्या दशकातल्या चौकशांत आणि १९३१ च्या व्हिटली आयोगाच्या अहवालात याची चर्चा आहे. या बायकांना सरसकट दोष देऊ नका. दिवसभर कुणी बघणारं नसेल तर आईपुढे पर्याय किती होते? झोपलेलं मूल रडत नाही, पडत नाही, आणि कुणाला शी काढायलाही लावत नाही.

१९३४ च्या फॅक्टरी कायद्याने प्रांतिक सरकारांना गिरण्यांत मुलांसाठी खोली सक्तीची करण्याचा अधिकार दिला. १९४८ च्या कायद्याच्या कलम ४८ ने ते देशभर पक्कं केलं: ५० हून जास्त बाया कामाला असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर. १९७६ मध्ये ही संख्या ३० वर आली. त्या कलमात मुलांना धुण्याची आणि त्यांचे कपडे बदलण्याची सोय असावी असं चक्क लिहिलं आहे. कायद्याच्या कोरड्या भाषेत आपला विषय मला सापडला तो इथे.

पण मोजदाद बघा. पुरुष कितीही असोत, पाळणाघर लागतं ते बायांच्या आकड्यावर, जणू मूल फक्त बाईचं. २०१७ च्या मातृत्व लाभ सुधारणेने हे बदललं. ५० किंवा अधिक कर्मचारी, मग ते स्त्री असोत की पुरुष.

आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर काय? १९६९ मध्ये दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू होतं. तिथे मजूर बायांची तान्ही मुलं धुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तंबूत पाळणाघर सुरू केलं. तेच 'मोबाइल क्रेशेस'. १९७२ मध्ये ते काम मुंबईच्या बांधकामांवर आलं. तत्त्व बोर्डीचंच: मूल संस्थेकडे येत नाही, तर संस्था मुलाकडे जाईल. काम संपलं की तंबू उचलायचा आणि पुढच्या बांधकामावर लावायचा.

१९७५: एका ओळीतलं काम

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. ताराबाईंचा 'अंगणवाडी' हा शब्द तिने उचलला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आईला आरोग्यशिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पूर्वप्राथमिक शिक्षण, अशा सहा सेवा.

शब्द आला, अंगणातली ती पहिली कामं कुठे गेली? ती मदतनीस बाईंच्या कामांच्या यादीत गेली. स्वयंपाक करणं, वाढणं, केंद्र झाडणं, पाणी आणणं, लहान मुलांची स्वच्छता, मुलांना घरून आणणं. आपला सगळा विषय त्या यादीतली 'लहान मुलांची स्वच्छता' ही एक नोंद आहे. पूर्वप्राथमिक शिक्षण सेविकेकडे, स्वच्छता मदतनीसकडे. बोर्डीला जे एकाच बाईच्या हातात होतं त्याची दोन कामं झाली, आणि किंमतही दोन झाली. सुरुवातीला मॅट्रिक झालेल्या सेविकेचं मानधन महिना १५० रुपये होतं, मॅट्रिक नसलेलीचं १००, आणि मदतनीसचं ३५.

पण शी-शूची सवय लावणं म्हणजे नुसती स्वच्छता नव्हे. मूल घाण करून बसल्यावर त्याला धुणं ही स्वच्छता. मूल चुळबुळ करायला लागलंय, कोपऱ्यात जाऊन गप्प उभं राहिलंय हे ओळखून "चल बाळा, बाहेर जाऊ" म्हणणं, झालं की शाबासकी देणं, चड्डीत झालं तर न रागावता बदलणं हे शिकवणं आहे. मदतनीस बाई ते वर्षानुवर्षं करत आल्यात, पण यादीत त्याला शिकवणं म्हटलेलं नाही, त्यामुळे त्याचं प्रशिक्षणही नाही आणि मोजमापही नाही.

दुसरी अडचण वयाची. शी-शू शिकण्याचं वय दीड ते तीन. अंगणवाडीत दिवसाचे काही तास बसण्याचं वय तीन ते सहा. तीन वर्षांखालच्या मुलाला घरी न्यायचा आहार मिळतो, वजन होतं, लस मिळते, पण बसायला जागा मिळत नाही. म्हणजे धडा जेव्हा शिकायचा तेव्हा शाळा बंद, आणि शाळा उघडते तेव्हा धडा घरून शिकून आलेला असावा अशी अपेक्षा. रोमची अट मागच्या दाराने परत आली म्हणा ना.

संडास कुणाच्या मापाचा?

२००० च्या सुमारास महाराष्ट्रात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. पाठोपाठ केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार आणि २०१४ पासून स्वच्छ भारत अभियान, त्यात घरटी १२,००० रुपयांचं अनुदान. गावोगाव 'हागणदारीमुक्त'चे फलक लागले.

संडास मोठ्या माणसाच्या मापाने बांधले गेले. अडीच वर्षांच्या मुलाच्या नजरेने आत जाऊन बघा. अंधारी खोली, जड दार, त्याच्या दोन पायांत न मावणारं भांडं, खाली काळं भोक. मूल घाबरतं आणि दाबून धरतं. दाबून धरलं की शी कडक होते, कडक झाली की दुखतं, दुखलं की पुढच्या वेळी आणखी दाबून धरतं. बालरोगतज्ज्ञांकडे बद्धकोष्ठाची अशी किती तरी मुलं येतात. म्हणून घरात संडास असला तरी लहानग्याला अंगणात किंवा गटारीच्या कडेला बसवलं जातं. 'लहान मुलाच्या शीला काय होतंय' हा समजही जुनाच. खरं तर जंत आणि जुलाबाचे जंतू पसरवण्यात लहान मुलाची शी मोठ्यांच्या मैल्यापेक्षा कमी नाही, उलट मूल जिथे खेळतं तिथेच ती पडते.

अंगणवाडीसाठी लहान मापाच्या शौचालयांची तरतूद सरकारी स्वच्छता कार्यक्रमांत होती. कागदावर कल्पना चांगली आहे. पण शौचालयाला पाणी लागतं. बीडचा बराच भाग पर्जन्यछायेत आहे आणि आष्टी-पाटोद्याकडे उन्हाळ्यात प्यायला टँकर येतो. जिथे हंडाभर पाण्याचा हिशोब करावा लागतो, तिथे शी शिकणाऱ्या पंधरा-वीस मुलांसाठी पाणी आणणं हे पुन्हा मदतनीस बाईंच्याच डोक्यावर, अगदी शब्दशः.

ऑक्टोबरमध्ये तुटणारा धडा

आता ऊसतोडीकडे येऊ. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढच्या दशकांत पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. ऊस तोडायला माणसं हवी होती, बालाघाटच्या डोंगराळ, कोरडवाहू पट्ट्यात काम नव्हतं. १९७२ च्या दुष्काळाने ही वाट पक्की केली. आज दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, परळी या तालुक्यांतली गावं आणि तांडे अर्धे रिकामे होतात ते मार्च-एप्रिलपर्यंत.

या धंद्यातलं एकक माणूस नाही, 'कोयता' आहे, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. एकाने दिवस बुडवला तर खाडा, आणि त्याचे पैसे कापले जातात. थोडक्यात, मुलाकडे बघायला घरी थांबली तर त्या आईला थेट तोटा. पहाटे अंधारात फडात जायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. गाडी रात्री आली तर रात्री भरायची.

आता दोन वर्षांची एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिला मी नाव देत नाही, कारण ती एक नाही. गावात आजीजवळ ती शिकत होती. सकाळी उठलं की आजी घराच्या मागे बसवायची, 'शी आली' हा शब्द नुकताच आला होता. ऑक्टोबर आला. घर गेलं, त्या जागी उसाच्या पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी आली. घरामागची जागा गेली, आजीही गेली. आई फडात, शेजारी पाच-सहा वर्षांची बहीण. ट्रकसाठी तोडणारी टोळी असेल तर कोपीची जागाही हंगामात अनेकदा बदलते. बैलगाडीवाले बहुधा कारखान्याच्या तळावर टिकून राहतात, पण तिथे शेकडो कोप्यांत संडास नसतात किंवा पुरेसे नसतात. बायाच अंधार पडायची वाट पाहतात, तिथे मुलांचं काय घेऊन बसलात.

बालरोगतज्ज्ञ सांगतात की घर बदललं, माणसं बदलली की शिकलेलं मूल काही दिवस मागे जातं. चार-सहा आठवडे धीर धरला की पुन्हा पूर्वपदावर येतं. पण इथे धीर धरायला कोण आहे? एप्रिलमध्ये मुलगी गावात परतते, पुन्हा नवी सुरुवात होते आणि ऑक्टोबर पुन्हा येतो.

याच मुलीला कायदा कुठे भेटतो ते तपासू. साखर कारखान्याच्या आत काम करणाऱ्या बायांना कायद्याचं पाळणाघर लागू होऊ शकतं. तिची आई कारखान्यासाठीच राबते, पण कारखान्याच्या भिंतीबाहेर, फडात, मुकादमाच्या करारावर. म्हणून ती त्या मोजणीत येत नाही. १९९० च्या दशकापासून स्वयंसेवी संस्थांनी तळांवर साखरशाळा चालवल्या, तिथे बहिणी येत आणि कडेवर धाकटं असे, अगदी कोसबाडसारखं. २००९ चा शिक्षणहक्क कायदा आला, पण त्याचा हक्क सहा ते चौदा वयाचा. तीन वर्षांवरच्या मुलांसाठी सरकार सोय 'करू शकेल' एवढंच कलम ११ म्हणतं. बीडमध्ये मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, ती शाळकरी मुलांची. दोन वर्षांच्या मुलीसाठी यातलं काहीच नाही.

अंगणवाडीचं काय? २००१ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी अंगणवाडी प्रत्येक वस्तीपर्यंत न्यायला लावलं. स्थलांतर करून आलेल्या मुलालाही जिथे असेल तिथल्या अंगणवाडीत सेवा मिळायला हवी. पण तळ गावापासून दूर, वय तीनच्या खाली, आणि आई परतते अंधारात. अंगणवाडी दुपारीच मिटते.

मग पाळणाघराने नेमकं काय होतं?

तुम्ही पुण्या-मुंबईत मुलाला पाळणाघरात ठेवत असाल तर ताईंनी तुम्हाला सांगितलंच असेल: घरी जो शब्द वापरता तोच आम्हाला सांगा, दोन-तीन जास्तीच्या चड्ड्या द्या, नाडीची चड्डी नको, इलॅस्टिकची द्या, आणि सुट्टीच्या दिवशीही वेळ पाळा. यात मोठं शास्त्र नाही, पण प्रत्येक गोष्टीला कारण आहे. खाल्ल्यावर थोड्या वेळाने आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून नाश्त्यानंतर आणि जेवणानंतर बसवायचं. तीन-चार मुलं एकदम बसली की बघून बघून बाकीची शिकतात. आणि ताई परक्या असल्यामुळे त्यांची चिडचिड आईपेक्षा कमी होते, हेही खरंच. मारलं, लाजवलं तर मूल दाबून धरायला शिकतं. घर आणि पाळणाघर एकच वागले तर बहुतेक मुलांचं दिवसाचं काम काही आठवड्यांत मार्गी लागतं.

यातलं काय महाग आहे? लहान भांडी, पाणी, साबण, कपडे. आणि ते एक माणूस, दिवसभराचं. महाग तेवढंच आहे, आणि तेच कुणी द्यायला तयार नसतं.

केंद्राच्या 'पाळणा' योजनेत २०२२ पासून अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं ठरलं. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, देशभर १७,००० केंद्रांचं उद्दिष्ट. पहिल्यांदाच दीड ते तीन हे वय सरकारी छपराखाली दिवसभर बसू शकेल अशी ही रचना आहे. पण ती जागेवर पक्की आहे आणि बीडचं मूल फिरतं आहे. ऑक्टोबर ते एप्रिल त्याला पाळणाघर लागतं ते गावात नाही, तळावर. आणि गावात राहिलेल्या आजीजवळच्या मुलाला लागतं ते दुपारपर्यंत नाही, संध्याकाळपर्यंत.

इतिहासाचा उपयोग मला इथे वाटतो. हे अशक्य आहे, असं कुणी म्हणालं तर त्याला सांगता येतं की ते आधीच झालेलं आहे. अंगणात जाऊन स्वच्छतेपासून सुरुवात करणं बोर्डीला झालं. बहिणीच्या कडेवरचं मूल उतरवून घेणं कोसबाडला झालं. कामाबरोबर सरकणारं पाळणाघर दिल्ली-मुंबईच्या बांधकामांवर झालं. कामाची जागा देणाऱ्याने पाळणाघर द्यावं हे कायद्याने १९४८ मध्ये मान्य केलं. या चारही गोष्टी एका ठिकाणी, उसाच्या फडाजवळ, आणायच्या बाकी आहेत. त्याचा खर्च कारखान्याने करायचा, मुकादमाने की सरकारने, हा भांडणाचा मुद्दा आहे आणि ते भांडण व्हायलाच हवं.

तोवर एक छोटी गोष्ट तुमच्या-माझ्या हातात आहे. गावाकडे गेलात की अंगणवाडीत डोकावता ना? सेविकांना मुलांची गाणी म्हणून दाखवायला सांगता. पुढच्या वेळी मदतनीस बाईंनाही विचारा की एखादं मूल नवीन आलं की त्याला बाहेरची सवय त्या कशी लावतात. त्यांच्याकडे सांगण्यासारखं खूप असतं. कुणी विचारलेलं नसतं, म्हणून ते कुठल्या फाइलमध्ये आलेलं नाही.